जमनीचे दोन थांबे

सोमवार, २ फेब्रुवारी १९७६

मी निवृत्त झाले म्हणून सोमवार निवृत्त झालेला नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली, शेवटची नऊ ट्रंक सुपरवायझर म्हणून, आणि तिथे एक गोष्ट अंगात मुरली: वेळ म्हणजे वेळ. सोमवारी साडेनऊला सहादूचा टांगा दारात. दहाला वाचनालय, मग बाजार, आणि परतताना दोन थांबे. एक कचेरीमागच्या खिडकीपाशी, त्याच्या घोडीच्या लायसनसाठी. दुसरा रविवार कारंज्यावर चिमाजीरावांच्या औषधाच्या दुकानापाशी, माझ्या पोटाच्या थेंबांसाठी. बावीस वर्षं हा क्रम आहे, नोकरीत सोमवार माझ्या सुट्टीचा वार होता तेव्हापासून. मधल्या काळात दोन घोड्या मेल्या, आता तिसरी जमनी आहे, पण क्रम तोच.

आज साडेनऊला टांगा आला तेव्हा सहादू पुढे नव्हता. तो मागच्या बैठकीवर घोंगडी पांघरून पडला होता आणि लगाम कोणाच्याच हातात नव्हता. जमनी गंजमाळापासून शरणपूर रोडपर्यंत एकटी चालत आली होती आणि माझ्या फाटकाशी थांबून माझ्याकडे अशी पाहत होती, की जणू मलाच उशीर झाला.

"सहादू, तू प्यायलास?"

"नाय बाई." आणि एवढी मोठी जांभई, की मला त्याच्या दाढा मोजता आल्या.

"तोंडावर हात ठेव."

हात थरथरत होता. नाक गळत होतं, डोळ्यांतून पाणी. मला वाटलं ताप आहे. तर म्हणाला, "खिडकी बंद झाली बाई. गेल्या सोमवारी सुट्टी व्हती, मंगळवारी गेलो तर पुस्तक ठेवून घेतलं त्येंनी. उरलेल्या सरल्या, चार दिस झाले गोळी नाय."

"कसली गोळी?"

"अफूची."

मी फाटक धरून उभी राहिले. तो उलट माझ्याकडेच नवलाने बघायला लागला. "तुम्हांला ठावं नाय? दर सोमवारी तुमच्या म्होरंच तर घेतो. सरकारी परवाना हाय."

बावीस वर्षं मी एका अफूबाजाच्या हाती जीव सोपवून नाशिकभर फिरत होते. घोडीचं लायसन दर आठवड्याला का लागतं, हा प्रश्न मला बावीस वर्षांत पडला नाही, हेही इथे लिहून ठेवते, कारण ही डायरी दुसरं कोणी वाचणार नाही.

त्याला सांगितलं, यापुढे माझ्या दारात यायचं नाही. तो "बरं बाई" म्हणाला. जमनी मात्र हलेना. वाचनालयाची वेळ झाली होती.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

रिक्षाने गेले. रिक्षावाल्याला शालिमारपर्यंतचा रस्ता मी सांगत होते आणि तो मला त्याच्या मेव्हण्याच्या लग्नाचं सांगत होता. पोहोचलो पंचवटीत.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

आज गंजमाळला जाऊन आले. हेतू एवढाच, की सहादूच्या बायकोला तोंडावर विचारावं, हे तू इतकी वर्षं चालू कसं दिलंस. कुसाबाई दारात जोंधळे पाखडत होती. तिने मला पाट दिला, स्वतः सूप थांबवलं नाही.

"आमच्या लग्नाआधीचं हाय बाई," ती म्हणाली. "लढाईच्या वर्षांत देवळालीला बांधकामावर व्हता, तवा धोंडा पडला कमरेवर. वैदूनं गोळी दिली. दुखणं ऱ्हायलं, गोळी बी ऱ्हायली. मंग सरकारनं समद्या जुन्या खाणाऱ्यांची नोंद केली, डागदरनं तपासलं, पुस्तक दिलं. तवापासून दुपारी हरभऱ्याएवढी, राती हरभऱ्याएवढी. कदी दीड हरभरा नाय."

"पण सोडवली का नाहीस?"

"दोनदा बांधून ठिवला खाटेला. दुसऱ्या खेपेला पार मेलाच व्हता." तिने फुंकर मारून फोल उडवलं, ते माझ्या साडीवर आलं. "गोळी खातो तवा तो टांगा हाकतो बाई. नाय खात तवा टांगा त्येला हाकतो. महिना असा गेला तर जमनी वीटभट्टीवाल्याला द्यावी लागंल. तो येऊन दात बघून गेला तिचे."

आतून सहादू म्हणाला, "बाईंना च्या दे."

अफूबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. ते वाईट ते वाईटच. पण एखाद्याचं सरकारी पुस्तक ठेवून घ्यायचं आणि त्याची साधी पोच द्यायची नाही, हा निव्वळ असभ्यपणा आहे, आणि असभ्यपणा मी एक्स्चेंजमध्ये कधी चालू दिला नाही.

घरी येऊन थेंब घेतले. दुपारी बाराला वीस, झोपताना वीस. इगतपुरीच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी आठव्या इयत्तेत सुरू केले. वडील रेल्वेत होते आणि तिथल्या पावसात सगळ्याच मुलींची पोटं बिघडत. बाकीच्यांचे थेंब जूनमध्ये सुरू होत आणि सप्टेंबरात बंद. माझं पोट त्यांच्यापेक्षा प्रामाणिक असावं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

कचेरीत हल्ली सगळे दहाच्या ठोक्याला जागेवर असतात. काळच तसा आहे. भिंतीवर पाटी, 'बोलणे कमी, काम अधिक.' पाटीखालचा कारकून पहिला भाग काटेकोरपणे पाळत होता. नाव जयराम.

"सहादू भिकन भालेराव यांचं परवान्याचं पुस्तक कुठे आहे?"

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"मी त्यांच्या टांग्यात बसते."

यासाठी त्याच्या रकान्यांत जागा नव्हती. बराच वेळ शोधून त्याने 'इतर' असं लिहिलं. मग सांगितलं, की वरून आदेश आलाय. जुन्या सगळ्या परवानेदारांची मेडिकल बोर्डापुढे फेरतपासणी. खरोखर गरज असेल त्यांचाच परवाना चालू. तारीख सतरा.

"आणि सतरापर्यंत त्या माणसाने काय करायचं?"

"ते आदेशात नाही."

मी खुर्ची ओढली, पर्समधून विणकाम काढलं आणि त्याच्या टेबलासमोर बसले. सांगितलं, आदेशात येईपर्यंत बसते. मफलर अर्धा झाला तेव्हा तो उठून आतल्या साहेबांकडे गेला आणि पंधरा दिवसांच्या हंगामी पुरवठ्याचा कागद घेऊन आला. मी निघताना म्हणाला, "आजी, रंग छान आहे." मी त्याची आजी नाही, हे त्याला स्पष्ट केलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

साडेनऊला टांगा. सहादू पुढे बसलेला, लगाम हातात, फेटा नीट. आठ दिवसांपूर्वीचा तो घोंगडीतला गोळा हाच का, असं वाटावं. वाटेत अशोक स्तंभाजवळ म्हशींचा कळप आडवा आला, तर त्यातून टांगा असा काढला, की माझ्या मांडीवरचं पुस्तकसुद्धा हललं नाही.

तरी मी त्याच्याशी बोलले नाही. तत्त्व आहे.

फक्त एवढं म्हणाले, की बोर्डापुढे या अवताराने जाऊन चालणार नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तयारी सुरू केली. एक्स्चेंजमध्ये वरिष्ठांची तपासणी असली, की मुलींना मीच तयार करत असे, आणि माझ्या एकाही मुलीला कधी शेरा मिळाला नाही. सहादूला अंगणात उभं केलं. मान वर, पोट आत, हात बाजूला.

"तब्येत कशी आहे?"

"कंबर लय दुखती बाई."

"ही तक्रार झाली. रड्या माणसाला कोणी काही देत नाही. सिस्टर बेनेडिक्ट म्हणत, हसऱ्या तोंडाच्या मुलीला दुसऱ्यांदा खीर मिळते. म्हण, 'उत्तम आहे, साहेब.'"

"उत्तम हाय, साहेब."

"आणि प्रश्न कळला नाही तर भांबावायचं नाही. म्हणायचं, 'आपण म्हणाल तसं, साहेब.'"

हे त्याला चटकन आलं. आयुष्यभर सराव असावा.

शनिवार, १४ फेब्रुवारी

माझ्या धाकट्या भावाचा जुना कोट सहादूला दिला. बाह्या थोड्या लांब, पण खांद्यात बसतो. रोज सकाळी एक अंडं खायला लावलंय. केस कापून घेतले. कुसाबाईने त्याला पाहून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "आगं बया, मामलेदार आला."

जमनीलाही खरारा केला. ती बोर्डापुढे जाणार नाही, पण बाहेर उभी तर राहणार.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आजचा दिवस मोठ्या समाधानाचा. बोर्डाने सहादूची तोंडभरून स्तुती केली.

टेबलामागे कचेरीचे साहेब, एक चष्मेवाले डॉक्टर, आणि कोपऱ्यात जयराम. आमच्याआधीचे तीन अर्जदार बाकावर बसले होते. काय त्यांची दशा. एकाला दोघांनी धरून आणलं होतं. त्यांच्यात सहादू म्हणजे वरपक्षाकडचा पाहुणा वाटत होता. मी दारात उभी राहिले होते, तिथून सगळं ऐकू आलं.

"कंबर दुखते?"

"उत्तम हाय, साहेब."

"झोप?"

"उत्तम, साहेब."

"भूक?"

"रोज अंडं खातो, साहेब." हे आम्ही बसवलं नव्हतं, पण चांगलं वाटलं.

डॉक्टर कागदातून मान वर न काढता म्हणाले, "मग गोळीशिवाय राहता येईल ना?"

सहादूने माझ्याकडे पाहिलं. मी मानेने धीर दिला. तो म्हणाला, "आपण म्हणाल तसं, साहेब."

साहेब इतके खूष झाले, की उठून त्यांनी सहादूशी हस्तांदोलन केलं आणि शिपायाला बोलावून दाखवलं, "बघ, असं असायला पाहिजे." त्या धरून आणलेल्या माणसाशी कोणी हस्तांदोलन केलं नाही.

परतताना मी सहादूला म्हणाले, "शिस्तीचा परिणाम पाहिलास?"

त्याने आधी जमनीला चुचकारलं. मग म्हणाला, "बाई, त्यो धरून आणलेला माणूस लय हसत व्हता भाईर आल्यावर. त्येच्या पुस्तकावर शिक्का बसला."

साधी माणसं कशानेही हसतात.

शनिवार, २१ फेब्रुवारी

कागद आला. 'सदर इसम सुदृढ, आनंदी व पूर्णपणे कार्यक्षम आढळून आल्याने त्यास अफूची वैद्यकीय आवश्यकता नाही. परवाना रद्द.'

तीनदा वाचला. कुसाबाई कागद हातात घेऊन आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मला वाचून दाखवावा लागला. तीनही वेळा.

"म्हंजे तुम्ही त्येला लय चांगला केला बाई," ती म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं.

सुदृढ आहे म्हणून रद्द. जो मरायला टेकला त्याला गोळी, आणि जो गोळीने माणसात राहिला त्याची काढून घ्या, म्हणजे तोही मरायला टेकेल, मग या परत. हे ज्याने ठरवलं त्याला मी स्विचबोर्डावर एक दिवस ठेवला नसता.

आणि त्याच्या अंगावर कोट कोणी चढवला, हे इथे लिहिण्याची गरज नाही. मला माहीत आहे.

सोमवार, २३ फेब्रुवारी

सहादू आला, पण उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवतोय, त्यामुळे माणूसही अर्धाच आलेला. सरळ कचेरीत गेले आणि साहेबांना भेटायचं म्हटलं. जयरामने माझ्या हातातली विणकामाची पिशवी पाहिली आणि लगेच आत सोडलं.

त्या दिवशी साहेबांचा आवाज लांबून ऐकला होता, आज जवळून. दोन वाक्यांत ओळखला. आवाज मी विसरत नाही. त्र्याहत्तर साली रोज दुपारी साडेतीनला अहमदनगरचा कॉल, 'अजून तीन मिनिटं द्या हो, अजून तीन मिनिटं द्या.' मी आपली ओळख काढायची म्हणून म्हणाले, "साहेब, नगरच्या त्या ताई कशा आहेत? फार गोड आवाज. तुमच्या सौभाग्यवतींचा फोन मात्र नेहमी नाशकातूनच यायचा."

साहेबांच्या हातातला चहा बशीत सांडला. माणूस कुटुंबवत्सल दिसतो, आठवणीने गहिवरला. त्यांनी स्वतः उठून पंखा माझ्याकडे वळवला आणि फेरविचाराच्या अर्जासाठी येत्या सोमवारचीच तारीख दिली, एरवी तीन महिने लागतात म्हणे. सरकारी माणसांत अजून सौजन्य आहे.

परतताना जमनी कचेरीमागच्या खिडकीशी थांबली. सहादूने "चल" म्हटलं, मी "चल" म्हटलं. ती हलेना. खिडकी बंद. वीस मिनिटं आम्ही तिघं बंद खिडकीकडे बघत उभे होतो.

मग रविवार कारंजा. चिमाजीराव नेहमी मला पाहताच बाटली कागदात गुंडाळायला घेतात. आज काउंटरवर हात पसरून उभे. "बाई, आता डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही देता येणार. त्या वर्गातली सगळी औषधं."

"कुठल्या वर्गातली? पोटाचे थेंब आहेत."

"हो, पण त्यात ते..." ते खाली बघायला लागले. "तुम्ही लेबल कधी वाचलं नाहीत का?"

"चिमाजीराव, सेहेचाळीस वर्षं मी ते घेते. ओळखीच्या माणसाला कोणी रोज नाव विचारत नाही."

बाटलीत चार दिवसांचे आहेत. आणि चिठ्ठी मागायला डॉक्टरकडे कोण जाणार? मला काही झालेलं नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

थेंब काल रात्री संपले. हवा बदललेली दिसते. सकाळपासून शिंका, नाक सारखं गळतंय. उन्हात बसले तरी अंगावर काटा.

शनिवार, २८ फेब्रुवारी

जांभया. शेजारच्या लताबाई आपल्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या, तर मी पंधरा जांभया दिल्या. त्या रागावून गेल्या. एवढाच आजचा फायदा. पोटऱ्यांत पेटके येताहेत, पोट बिघडलेलं. बघा, थेंब नसले की माझं पोट कसं होतं. म्हणजे ते किती आवश्यक आहेत हे सिद्धच झालं.

संध्याकाळी कुसाबाई निरोप घेऊन आली, सहादूच्याही गोळ्या परवा संपल्या. वीटभट्टीवाला पुन्हा आला होता, या खेपेला दोर घेऊन. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. नाक, डोळे, मांडीवरची गोधडी. "तुम्हांला कदीपासून बाई?"

"सर्दी आहे."

"हां," ती म्हणाली. "त्येला बी पहिल्या दिवशी सर्दीच असती." आणि न विचारता आत जाऊन माझ्यासाठी गुळाचं पाणी केलं. कुठे काय ठेवलंय हे तिला कसं सापडलं कोण जाणे.

रविवार, २९ फेब्रुवारी

चार वर्षांतून एकदा येणारा दिवस, आणि तो असा. पाय एका जागी ठरत नाहीत. उद्या जाववेल असं वाटत नाही.

जायचंच आहे. मीच बिघडवलंय.

सोमवार, १ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

सहादूला निरोप पाठवला होता, या खेपेला आहेस तसा ये. माझा एवढा एकच सल्ला त्याने मोडला. दाढी करून आला. हात थरथरत असताना केलेली दाढी, त्यामुळे चेहऱ्यावर चार ठिकाणी वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवलेले. "लोकांम्होरं जायचं बाई," तो म्हणाला. मीही पावडर लावली होती आणि नाकावरची सगळी पुसून गेली होती.

टांगा जमनीने नेला. आम्ही दोघं मागे बसलो होतो, एकाच घोंगडीत. थंडी असह्य होती. पारा पंचाण्णव फॅरनहाइटवर होता असं नंतर कळलं.

बोर्डापुढे उभे राहिलो. तेच साहेब, तेच डॉक्टर, कोपऱ्यात जयराम. मला पाहून साहेब घाईघाईने म्हणाले, "बसा, बसा ना ताई." मी बसले नाही. सहादूने जांभई दिली. मी दिली. पुन्हा त्याने दिली. जयरामनेही दिली, पण त्याची नेहमीची.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "यांतले अर्जदार कोण?"

"हा काय प्रश्न आहे?" मी म्हणाले, आणि ठरवून आलेलं भाषण सुरू केलं. म्हणाले, "डॉक्टर, एक्स्चेंजच्या तळघरात बॅटऱ्यांची खोली असते. त्या बॅटऱ्यांवर अख्ख्या नाशकाचे फोन चालतात. रोज त्यांना मापाने पाणी घालावं लागतं. तेहतीस वर्षांत फोन उत्तम चालतात म्हणून कोणी त्या बॅटऱ्या उपटून गोदावरीत टाकल्या नाहीत. हा माणूस त्या दिवशी तुम्हांला सुदृढ दिसला, तो त्या हरभऱ्याएवढ्या गोळीमुळे. बावीस वर्षं याने मला एकदाही पाडलं नाही. तुम्ही मात्र..." इथे मला सहा शिंका आल्या.

सातवीच्या आत डॉक्टर टेबलाला वळसा घालून आले होते. मला वाटलं, पाणी देताहेत. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. मनगट धरलं. माझ्या हातावरचा काटा पाहिला.

"बाई, तुम्ही काही औषध घेता?"

"औषध नाही. पोटाचे थेंब." पर्समधून रिकामी बाटली काढून दिली. ती मी नेहमी जवळ ठेवते.

त्यांनी लेबल वाचलं. बाटली खिडकीकडे नेऊन पुन्हा वाचलं. मग साहेबांना दाखवलं. साहेबांनी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा आला, की जणू नगरची सगळी मिनिटं फिटली.

"किती वर्षं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सेहेचाळीस."

"कधी वाढवले?"

"वीस म्हणजे वीस."

"आणि नोकरी?"

"तेहतीस वर्षांत एक शेरा नाही."

"एरवी तब्येत?"

मी मान वर केली. सवयीने. तेवढ्यात सहादूने मागून माझ्या साडीचा पदर ओढला आणि कुजबुजला, "उत्तम म्हणू नका बाई."

मला पोटऱ्यांतल्या पेटक्यांमुळे उभं राहवेना, म्हणून मी बसले. मग मी जे म्हणाले ते माझ्या तोंडून कसं आलं कळत नाही. म्हणाले, "बरी नाही."

"आणि याची?"

"याचीही नाही. आमची दोघांचीही नाही."

डॉक्टर जागेवर जाऊन लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "त्या दिवशी मी यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. कोटाकडे पाहिलं." दोन कागद केले. एक सहादूचा, परवाना पूर्ववत, पुस्तकावर शिक्का. दुसरा मला दिला, चिमाजीरावांसाठी चिठ्ठी. "दोघांनाही एकच सांगतो. आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. एक थेंबही वाढवायचा नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मला दाखवून जायचं. हळूहळू कमी करता आलं तर बघू, नाही आलं तरी बघू."

दोघांनाही म्हणजे काय, असं विचारणार होते. पण जांभई आली.

जयरामने शिक्का मारला. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढचा जुना शेरा त्याला सापडला, 'इतर.' तो खोडावा की काय, असं त्याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "असू दे."

बाहेर आलो तर जमनी नव्हती. टांग्यासकट कचेरीमागे खिडकीपाशी जाऊन उभी होती. आम्ही चालत तिथे गेलो. खिडकी उघडली. मग तिने आम्हांला रविवार कारंज्यावर नेलं, आणि मी उतरेपर्यंत आणि बाटली घेऊन परत चढेपर्यंत एक पाऊल पुढे टाकलं नाही.

"तिला कोणी शिकवलं हे?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात बाई," सहादू म्हणाला. "तिला वाटतं, हे एकच काम हाय. दोन खिडक्यांचं."

सोमवार, ८ मार्च

साडेनऊला टांगा दारात. दहाला वाचनालय.

वीटभट्टीवाला दोर घेऊन परत गेला. कुसाबाईने माझ्यासाठी जोंधळ्याच्या पापड्या पाठवल्या, सोबत निरोप: "सर्दी कशी हाय?" मी निरोप पाठवला, उत्तम आहे. मग सहादूला परत हाक मारून तो बदलला आणि सांगितलं, बरी आहे.

नवी बाटली कपाटात ठेवली आहे, लेबल भिंतीकडे करून. उजेडाने लेबल फिकं होतं.

बाजारातून येताना बारा वाजले. अशोक स्तंभाजवळ सहादूने टांगा सावलीत घेतला, कमरेची डबी काढली. मीही बाटली आणि चमचा काढला. बाराला नाही घेतले तर पोटाचं गणित चुकतं. त्याला म्हणाले, "निदान चार माणसांत तोंड तिकडे करून खावं. काही पद्धत असते."

त्याने तोंड तिकडे केलं.

मीही दुसरीकडे केलं, वीस मोजेपर्यंत. धूळ फार होती.